नावाबिगर धवला नाय

रोहा, ८ डिसेंबर २०१८

चि. सरूला हैबतमामाचे आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझे कान मात्र पुरते गेले. डावा गणपतीत गेला, उजवा त्याच्या मागोमाग. लेकीने मोबाईल घेऊन दिला होता. त्यावर लोक रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि देव पाठवतात. शिसारी आली, म्हणून तो कपाटात साड्यांखाली ठेवलाय. तेव्हा आता आपलं बोलणं पोस्टातून.

तुमच्या अध्यक्षांचं, गुणाजीशेठचं, पत्र आलंय. आपल्या 'खाजणवाणी' रेडिओला मार्चमध्ये दहा वर्षं होतात, स्मरणिका निघायची आहे, तरी संस्थापक म्हणून मी केंद्राचा इतिहास लिहून द्यावा. सोबत मुद्देही पाठवलेत. पहिला मुद्दा, गुणाजीशेठचं बालपण. अगं, हा माणूस भूखंड विकता विकता परवा परवा रेडिओत घुसला. याच्या बालपणाचा आणि रेडिओचा काय संबंध? शेजाऱ्याचा चोरला असेल तर मला माहीत नाही. दुसरा मुद्दा, गुणाजीशेठची दूरदृष्टी. तिसरा मी वाचलाच नाही, चहा कडू झाला असता.

इतिहास मी लिहीन, पण जो घडला तो. वडखळच्या नाक्यापासून आत, मिठागराच्या मोडक्या चौकीत आपण ते केंद्र उभं केलं. हायवेच्या ट्रकांचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गावातल्या गोधड्या टांगल्या. ठरवलं होतं की इथे आपल्या मातीचीच गाणी वाजतील. भातलावणीची गाणी, बाल्यानाच, आगऱ्यांचे धवले, मोहल्ल्यातल्या बायकांची लग्नातली गाणी. सिनेमाचं एकही नाही. शहाणी माणसं हसली होती आणि आपण त्यांना हसू दिलं.

आणि पहिल्या दिवशी तुझी आजी. तो भाग लिहून ठेवलाय, बरोबर आहे का बघ:

"आगरी लग्नात खरा मान धवलारणीचा. हळदीपासून एकेक विधी ती गाऊन पार पाडते आणि नवरा-नवरीची नावं तिच्या तोंडून धवल्यात आली की लग्न लागलं. ठमाबाई ही खाडीकाठची नामांकित धवलारीण. तिला आम्ही माइकसमोर बसवलं, तर ती गाईना. म्हणाली, 'नावं कोनाची घेऊ?' म्हटलं, नावं नकोत, नुसतं गा. म्हणाली, 'नावाबिगर धवला नाय. हळद कोनाला लावू, भिंतीला?' कार्यक्रम थेट चालू होता. मी घायकुतीला आलो. काचेच्या अलीकडे तिची नात सरू बसली होती, निवेदिका. पलीकडे यंत्रावर रघू. म्हटलं, घ्या, या दोघांची घ्या. तिने घेतली. संध्याकाळी खाडीच्या दोन्ही काठांच्या बायका हळद-नारळ घेऊन केंद्राच्या दारात उभ्या."

माझ्या उतावळेपणाने तुमचं लग्न लागलं, पोरी. वेगळा मांडव घालावाच लागला नाही. रघूचा बाप चार दिवस तणतणला, पण धवल्यात नाव आलं म्हटल्यावर काय करतो. ध्वनिमुद्रण होत होतं म्हणून तुमचं लग्न आजही वाजतं. अशी नवरा-नवरी जिल्ह्यात दुसरी नसतील.

आता काम सांगतो. तुमचं केंद्र रोह्यापर्यंत पोचत नाही आणि पोचलं तरी मला ऐकू येणार नाही. तिथे हल्ली काय वाजतं ते लिही. गुळमुळीत लिहू नकोस.

हैबतमामा


पेण, २१ डिसेंबर २०१८

तीर्थस्वरूप हैबतमामांना सरूचा नमस्कार.

गुळमुळीत लिहू नकोस म्हणालात, तर घ्या.

सकाळी केंद्र उघडतं ते गुणाजीशेठच्या भूखंडांनी. 'खाडीकिनारी आपलं हक्काचं घर.' जिथे आपण उधाणाची वेळ सांगायचो, खाडीचा बांध कुठे फुटलाय ते सांगायचो, तिथे आता सोन्याचा भाव असतो. मग वाढदिवस. अमुक भाऊ, तमुक दादा, तरुणांचे आधारस्तंभ, धडाडीचे नेतृत्व. मी ते साखर घोळल्यासारखं वाचते आणि बाहेर येऊन चूळ भरते. खरंच भरते, मामा. दुपारी 'हळदी धमाका'. आपल्याच बायकांची गाणी, पण खाली ढिंगढिंग यंत्र लावलेलं. कुणाचं गाणं, कुठलं गाव, काही सांगायचं नाही. वेळ जातो म्हणतात.

कोलाडकडची बाल्यानाचाची मंडळी आली होती. त्यांना दारात सांगितलं, घुंगरू काढून या, नवी फरशी खराब होईल. म्हातारा बुवा म्हणाला, "मग काय नुसते पाय आपटू?" त्याला म्हणाले, चालेल, ते आम्ही मागून टाकू. ते लोक घुंगरू पिशवीत भरून निघून गेले. मला त्यांच्या मागे जाऊन दोन शब्द बोलावंसं वाटलं, पण माझा वाढदिवसांचा कार्यक्रम सुरू होत होता.

गोधड्या काढल्या. वास येतो म्हणून मागच्या बाजूला जाळल्या. आजीची पण त्यात होती.

धवला मात्र अजून दर गुरुवारी लागतो. रघूने तो जपलाय. माघात गुणाजीशेठच्या मुलाची हळद आहे, ती केंद्रावरून थेट ऐकवणार आहेत. रघूवर त्याचा फार ताण आहे. घरी आला तरी कानाला हेडफोन लावून बसतो, बोलत नाही.

तुम्ही लिहिलेलं वाचलं. छान आहे. 'उतावळेपणाने' हा शब्द तूर्त राहू द्या.

तुमची सरू


रोहा, ५ जानेवारी २०१९

चि. सरू,

तुझं पत्र वाचून जेवलो नाही. लेक म्हणाली, पित्त झालंय. म्हटलं, पित्त नाही, गुणाजीशेठ झालाय.

घुंगरू काढून या. पायातले घुंगरू म्हणजे काय चिखलाच्या चपला आहेत? उद्या हे लोक तुला सांगतील, जीभ बाहेर ठेवून आत ये. आणि गोधड्या जाळल्या. ज्या बायांनी अंगावरच्या काढून दिल्या त्यांच्या, वास येतो म्हणून. यांच्या अंगाला अत्तर लागल्यावर आईच्या पदराचा वास येतो यांना. मला या माणसांचा राग येत नाही आता, किळस येते. रागात निदान माणूस समोरच्याला माणूस तरी समजतो.

तुझा रघू तिथे आहे एवढाच आधार. बोलत नाही म्हणतेस, तो कधी बोलला होता? इतक्या वर्षांत माइकसमोर येऊन नुसतं 'हॅलो' म्हणाला नाही. तुमच्या लग्नाच्या संध्याकाळी बायकांनी त्याला उखाण्यात नाव घ्यायला सांगितलं, तर यंत्राच्या मागे जाऊन लपला होता. तू घेतलंस, त्याने अजून घेतलेलं नाही. पण ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकता येतं. आजीचा धवला त्याच्या हातात आहे तोवर मला घोर नाही. इतिहासात त्याच्यावर एक परिच्छेद घालणार आहे. हळदीला जाशील तेव्हा काय काय पाहिलंस ते कळव.

हैबतमामा


खारपाटी, १२ फेब्रुवारी २०१९

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

चार दिवस माहेरी आलेय. हवापालट म्हणा.

हळद झाली. गर्दी पुष्कळ होती. पिवळे टी-शर्ट वाटले होते, त्यावर गुणाजीशेठचा फोटो. बाकी काय लिहायचं.

एक विचारायचं होतं. पहिल्या दिवशीच्या धवल्याची एखादी प्रत तुमच्याकडे आहे का? तुम्ही तेव्हा काही सीडी काढून ठेवल्या होत्या असं आठवतं. असेल तर इथे खारपाटीच्या पत्त्यावर पाठवा, केंद्रावर नको. पेणलाही नको.

इतिहासात रघूवरचा परिच्छेद सध्या लिहू नका. घाई नाही.

सरू


रोहा, १८ फेब्रुवारी २०१९

चि. सरू,

अगं लबाडे. माहेरी हवापालट, पत्र चार ओळींचं आणि घाई नाही, घाई नाही. मी म्हातारा झालो, खुळा नाही. गोड बातमी असेल तर मला आधी कळायला हवी होती. तुमचं लग्न लावणारा मी आहे. लेकीला सांगितलं, ती म्हणाली, बाबा, तुम्ही काहीही लावता. असो. कैऱ्या, चिंचा काय हवं ते कळव.

सीडीचं ऐक. पेटीत सीड्यांची चळत आहे, पण वरची नावं पावसाळ्यात पुसली. मला काहीच ऐकू येत नाही, तेव्हा कुठली कसली हे कसं कळणार? एकेक लावून स्पीकरवर हात ठेवून पाहिलं. ढोल हाताला कळतो, बाई कळत नाही. आवाज किती मोठा झाला तेही मला कळेना. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची खतीजा वर आली. दारात उभी राहून काय ओरडली ते तिने नंतर पाटीवर लिहून दिलं: "हैबतचाचा, कान तुमचे गेले, आमचे तरी राहू द्या."

मी तिला आत बसवलं. तिने एकेक सीडी ऐकली आणि पाटीवर लिहीत गेली. 'भलरी.' 'कुनी तरी बांधाविषयी बोलतंय.' एका सीडीला तिचं लिहिणं थांबलं. ऐकतच राहिली, पोळ्या टाकायच्या होत्या ते विसरली. मग लिहिलं, 'ही आमच्या खालांची गाणी, यात माझी फुफी आहे.' फुफी म्हणजे तिची आत्या. ती सीडी मी तिलाच दिली. त्या रेडिओचं यापेक्षा चांगलं काही झालेलं मला आठवत नाही.

शेवटी धवला सापडला. म्हटलं, नावं काय आहेत बघ. तिने लिहिलं, 'नवरी सरू, नवरा रघू. मध्ये कोणी पुरुष शिंकतो.' तो मी. रजिस्टरने पाठवतोय.

पण एक कळलं नाही. मूळ मुद्रण रघूच्या संगणकात असताना माझ्याकडे का मागतेस? तो तर ते डोळ्यांत तेल घालून जपतो.

हैबतमामा


खारपाटी, २७ फेब्रुवारी २०१९

तीर्थस्वरूप हैबतमामांना,

सीडी मिळाली. गोड बातमी नाही, मामा. कैऱ्या नकोत.

तुम्ही रघूविषयी जे जे लिहिलंत ते मी प्रत्येक वेळी पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी उत्तर खोटं लिहिलं. आता खरं लिहिते.

हळदीला केंद्राच्या माणसांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मांडवाएवढ्या उंच स्पीकरच्या पेट्या, दिवे, धूर. दारू प्यालेले पुरुष हळदीचे हात एकमेकांच्या तोंडाला फासत होते. हळद म्हणजे नुसता रंग झालाय. मग निवेदक म्हणाला, आता खास आकर्षण, पारंपरिक धवला. आणि माझ्या आजीचा आवाज आला.

आजीला जाऊन पाच वर्षं झाली. डोळे भरले. म्हटलं, निदान हे तरी वाजवलं. धवला नावांपाशी आला. मी आमची नावं ऐकायला कान दिले. तिथे आजीचा आवाज तुटला आणि कोणी शहरी पोरगी नाकातून बोलावी तशी बोलली, "सुयश", "तन्वी". पुढे परत आजी. मग परत ती पोरगी. म्हातारीच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसवावी तसं. खाली ढिंगढिंग चालूच. गुणाजीशेठचा मुलगा दोन्ही हात वर करून नाचत होता.

 उठले आणि मांडवाच्या मागे जाऊन ओकले. तिथून यंत्रावर बसलेला माणूस दिसतो. यंत्रावर रघू होता.

त्यानेच कापलं, मामा. घरी हेडफोन लावून तो हेच करत होता. मी त्याच्यासमोर चहा ठेवत होते आणि तो माझं नाव कापत होता.

विचारलं तर म्हणाला, "शेठने सांगितलं. नोकरी हाय." म्हटलं, दुसऱ्या प्रतीवर कापायचं, मूळ तरी ठेवायचंस. मान खाली घालून म्हणाला, "जागा लागत होती. पुसलं." वर म्हणाला, "आवाज तर हाय तो. आपलं लगीन काय आवाजात हाय का?"

मग कशात आहे? आम्ही मांडव घातला नाही, भटजी आणला नाही, कचेरीत सही केली नाही. आजीने नावं घेतली, एवढंच आमचं लग्न. ते त्याने स्वतःच्या हाताने पुसलं आणि दुसऱ्याला दिलं. मला तो मारता तर मी त्याला उलट मारलं असतं आणि भांडण मिटलं असतं. ही किळस आहे, ती मिटत नाही. त्याने हात लावलेला पेलासुद्धा मला घासावासा वाटेना. दुसऱ्या दिवशी खारपाटीला आले.

आता तुमच्या इतिहासातली एक चूक सांगते. आमचं लग्न तुमच्या उतावळेपणाने लागलं नाही. मला रघू आवडत होता. त्याच्या घरचे ऐकणार नाहीत म्हणून मी आदल्या दिवशी आजीपाशी रडले होते. आजी म्हणाली होती, "गप गो. त्या खोक्यासमोर मना बसवतायत ना, बघतेच." तुम्ही 'या दोघांची घ्या' म्हणाला नसता तर ती तिथून उठलीच नसती. नाव घेतल्यावर कोणाचा बाप आड येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून सांगते, आजीने माझ्यासाठी एकच डाव टाकला होता, तो रघूने मोडला. मी परत जाणार नाही. इतिहासात आमचं नाव घालू नका.

सरू


रोहा, ४ मार्च २०१९

चि. सरू,

ठमाबाईने मला दहा वर्षं बनवलं आणि मी स्वतःला तुमचा बाप समजत राहिलो. म्हातारीला कोपरापासून नमस्कार.

बाकी पत्राविषयी काय लिहू? मी माणूस ओळखतो असा मला माज होता. गुणाजीशेठ काय, ते गटार आहे, गटाराकडून वासाचीच अपेक्षा. पण रघू. ज्या पोराला मी सोल्डरिंगची कांडी धरायला शिकवली, त्याने ती धरून हे करावं? नोकरी हाय म्हणे. नोकरी सगळ्यांनाच असते. कसायालाही असते, पण तो स्वतःची शेळी दावणीला ठेवून दुसऱ्याची कापतो.

मी दोन कामं केली. तुला न विचारता केली, रागवायचं तर राग.

पहिलं म्हणजे रघूला कार्ड टाकलं. उघडं कार्ड, केंद्राच्या पत्त्यावर. पोस्टमनने वाचावं, शिपायाने वाचावं, गुणाजीशेठने चष्मा लावून वाचावं म्हणून. त्यात एवढंच लिहिलं: "रघू, उखाण्यात बायकोचं नाव तू कधी घेतलं नाहीस. ठमाबाईने घेतलेलं होतं, ते कापलंस. आता जिथे कापलंस तिथेच उभा राहून घे. जमत नसेल तर त्या यंत्राला हात लावू नको, विटाळेल. हैबत."

दुसरं, इतिहास लिहून पाठवला. मुद्दे सगळे गाळले. मजकूर असा:

"खाजणवाणी केंद्राने दहा वर्षांत एक लग्न लावलं आणि एक लग्न मोडलं. दोन्ही एकाच जोडप्याचं. मधल्या वेळात जाहिराती लागल्या."

खाली सही केली. छापणार नाहीत, पण त्यांना वाचावं तर लागेल. तुझं नाव घातलेलं नाही, तुझा शब्द पाळलाय.

तू परत जाऊ नकोस. जायचं असेल तर जा. माझं ऐकून काही करू नकोस, माझं ज्ञान आत्ताच कळलं आपल्याला.

हैबतमामा


खारपाटी, २४ मार्च २०१९

तीर्थस्वरूप हैबतमामांना सरूचा नमस्कार.

केंद्राचा दहावा वर्धापनदिन परवा झाला. थेट प्रक्षेपण होतं. मी ऐकणार नव्हते, पण शेजारच्या हौसाकाकीने आपला रेडिओ मुद्दाम आमच्या ओटीवर आणून मोठ्याने लावला. तुमच्या कार्डाची बातमी पोस्टमनने वाटेतल्या सगळ्या गावांना पोचवली होती. खारपाटीच्या निम्म्या बायका आमच्या अंगणात तांदूळ निवडायला जमल्या. आपापल्या घरात सूप नव्हतं जणू कोणाकडे.

आधी भाषणं. बालपण झालं, दूरदृष्टी झाली. एक पाहुणा म्हणाला, लोकसंगीत हा आपला प्राणवायू आहे, आणि त्याच्या मागे कोणाचा तरी मोबाईल हिंदी गाण्यात वाजला. हौसाकाकी सुपात थुंकणार होती, मी आवरलं.

मग खरखर झाली. माइकला काही लागल्यासारखा आवाज. आणि कोणी तरी घसा खाकरला. मामा, तो खाकरा मी दहा वर्षं ऐकलाय. रघू यंत्रावरून उठून माइकसमोर आला होता.

"मी रघू," म्हणाला. "इथला यंत्रावरचा. मला बोलता येत नाय. ठमाबाईच्या धवल्यातली नावं शेठने कापायला सांगितली आन मी कापली. ती माझ्या बायकोची आन माझी होती. आता उखाणा घेतो."

तांदूळ निवडायचे थांबले. तो अडखळत म्हणाला,

"मिठागरात पिकतं मीठ, खाजणात पिकतो भात..."

आणि कोणी तरी बटण दाबलं. लगेच लागलं, 'खाडीकिनारी आपलं हक्काचं घर, गुणाजीशेठचे भूखंड.' खाडीकाठच्या खाजणात, त्याच भाताच्या जमिनीत, भरावाची माती टाकून विकलेलं तेच घर. पुढे जाहिरातच जाहिरात. रघूचा आवाज परत आलाच नाही.

 मग हौसाकाकीने सूप बाजूला ठेवून उखाणा पुरा केला:

"सरूचं नाव घेतो, घाल कमरेत लाथ."

बायका लोटपोट झाल्या. दुसरी म्हणाली, लाथ नको, 'मागतो तिची साथ'. तिसरीने काही तरी लावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी पण हसले. हळदीनंतर पहिल्यांदा हसले असेन. पण हसता हसता मनात आलं, नाव त्याच्या तोंडून बाहेर आलंच नाही. पुन्हा कापलंच गेलं.

संध्याकाळी तो वडखळहून चालत आला. रिक्षा नाही, पिशवी नाही. नोकरी गेली होती, ते सांगायची गरज नव्हती. दारात येतो तो बायकांनी त्याला अडवलं. हौसाकाकी उंबऱ्यावर चौकटीला आडवा हात लावून उभी. म्हणाली, "आरदा उखाना घेऊन कोनी दारात येत नाय रं. पुरा कर."

मला वाटलं आता हा कुठे लपतो. इथे यंत्र नव्हतं. त्याने हौसाकाकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे पण नाही. उजवा हात पुढे केला, काही मागतोय असा, आणि म्हणाला,

"मिठागरात पिकतं मीठ, खाजणात पिकतो भात,
सरूचं नाव कापलं, तो हाच माझा हात."

 हौसाकाकीने आपला हात चौकटीवरून काढला. तुमच्या ठमाबाईची ती मैत्रीण, तिने सुपातले तांदूळ मुठीत घेतले आणि थोडे त्याच्यावर टाकले, थोडे माझ्यावर. मग सूप उचलून घरी गेली.

मी त्याला आत घेतलेलं नाही, मामा. किळस अशी तांदळाने जात नाही. परवापासून ओटीवरच आहे. चहा दिला, तो पेला वेगळा ठेवला होता, मग तोच घासून परत फळीवर बाकीच्यांत लावला. त्याने सीडी मागितली. म्हटलं, तुझ्या हाती देणार नाही. ऐकायची तर मी आत लावते, तू ओटीवरून ऐक. लावली. तुम्ही शिंकलात तिथे तो हसला आणि नावं आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसला.

तुमचा इतिहास त्यांनी छापला नाही. स्मरणिकेत त्या पानावर भूखंडाचा नकाशा आहे. तुमच्याकडची प्रत मात्र जपून ठेवा आणि तिच्यात एक दुरुस्ती करा. लग्न मोडलं असं लिहिलंय, ते तेवढं खोडा. जाहिरातींचं वाक्य तसंच राहू द्या.

ओटीवरून दुसरा चहा मागतोय, पत्र इथे थांबवते.

तुमची सरू